उंबरठ्याच्या आतली हवा
तिरोडा तालुक्यातील धूरमुक्त घरांसाठी स्थापनेचा जाहीरनामा

काचेवानीजवळच्या वीज प्रकल्पाचे धुराडे लांबून दिसते. अदानी पॉवरच्या या प्रकल्पात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत, एकूण ३,३०० मेगावॅट. धुराडे किती उंच असावे, त्यातून काय किती बाहेर पडावे, ते कोणी मोजावे, हे सगळे कागदावर ठरलेले आहे. त्याच तालुक्यात रोज सकाळ-संध्याकाळ कित्येक घरांत चूल पेटते. तिला धुराडे नाही. तिच्यातून काय बाहेर पडते हे आजवर कोणी मोजलेले नाही, कारण ते बाहेर पडतच नाही. ते घरातच राहते, आणि तिथून माणसांच्या छातीत जाते.

या चुलीचा हिशेब मागण्यासाठी आम्ही एकत्र आलो आहोत.

आम्ही कोण

आम्ही रांधणाऱ्या बाया आहोत, विड्या वळणाऱ्या आहोत, राइस मिलमध्ये पोती उचलणारे आहोत. आमच्यात आशा सेविका आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, धान पिकवणारे शेतकरी आहेत, शाळेतले गुरुजी आहेत. आमच्यातल्या बहुतेकांनी आपल्या मायला फुंकणीने विस्तव फुंकताना आणि मग पदराने डोळे पुसताना पाहिले आहे. पुढे तीच माय ओसरीवर बसून दम खाऊ लागली. घरचे म्हणाले, ‘वय झालं.’ दवाखान्यात नेले तर विचारणा झाली, ‘बिडी ओढता? तंबाखू खाता?’ ती ‘नाही’ म्हणाली आणि विचारपूस तिथेच संपली. चुलीबद्दल कोणी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. रोजच्या जेवणाने आजार होतो हे तिला कसे सुचावे?

आजवर न विचारलेला हा प्रश्न विचारणे, इथून आमची सुरुवात आहे.

घरात काय घडते

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात, केसाच्या जाडीत असे पंचवीसहून जास्त कण ओळीने मावतील. ओले लाकूड, गोवरी, तणस, काडीकचरा अपुऱ्या हवेत धुमसतो तेव्हा हे कण सुटतात, आणि त्यांच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड. डोळ्यांना झोंबणारा धूर आपल्याला कळतो. पण धूर विरला असे वाटून आपण दार लोटून घेतो, त्यानंतरही हे कण कितीतरी वेळ हवेत तरंगत राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटर हवेत असे कण १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, वर्षाच्या सरासरीत ५. आपल्या देशाची २००९ ची मर्यादा त्याहून सैल आहे: चोवीस तासांसाठी ६० आणि वर्षासाठी ४०. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हा आकडा शेकड्यांत जातो, कधी हजाराच्याही पुढे.

आमच्या जुन्या घरांना एक शहाणपण होते. मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि कवेलूंच्या फटींतून धुराला वाट. सकाळी गावावर नजर टाकली तर छपरेच धुमसताना दिसत. मग घरकुल मिळाले, स्लॅब पडला. पाण्याचे गळणे थांबले, आणि धुराचे निघणेही थांबले. स्लॅबच्या घरात चूल पेटते तेव्हा धूर वर आदळून खाली उतरतो आणि पाटावर बसलेल्या बाईच्या डोक्याभोवती घुटमळतो. पक्के घर आम्हाला हवेच होते. पण गरिबाचे घर आखताना त्याची चूल कोणाच्याच ध्यानात राहिली नाही.

आणि दोष एकट्या चुलीचा नाही. पावसाळ्यात धानाच्या बांधीत पाणी भरले की डास होतात आणि संध्याकाळी दार लावून कॉइल पेटते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असे आढळले. ज्या घरात कोणी बिडीला हात लावत नाही त्या घरातले लेकरूही रात्रभर त्या हवेत झोपते. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, ओवा-शेपेची धुरी द्यायची, ही आपली माया. पण जन्मल्या-जन्मल्या त्या बाळाला पहिला श्वास मिळतो तो त्याच धुराचा. विडी वळणारी बाई सुपात जर्दा आणि तेंदूपत्ता घेऊन घरातच बसते. जर्द्याची धूळ अंथरुणात, पाण्याच्या गुंडात, लेकराच्या नाकात जाते. राइस मिलमध्ये तूस आणि कोंडा उडतो, आणि हमालाच्या तोंडाला असतो फक्त दुपट्टा. दुपट्ट्यात भुसा अडकतो, पण बारीक कण आरपार जातात.

छातीत काय घडते

मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकते. त्याखाली श्वासनलिकेत झाडूसारखे सूक्ष्म तंतू असतात; ते कचरा वर ढकलतात, आपण खाकरून तो टाकतो. धूर सतत लागला की हे झाडू थकतात, लुळे पडतात. पीएम २.५ मात्र त्यांनाही चुकवून खाली वायुकोशांपर्यंत पोचतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस कोटींहून जास्त वायुकोश असतात. सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील. पंतप्रधान आवास योजनेतले घरकुल किमान २५ चौरस मीटरचे असते. म्हणजे प्रत्येकाच्या छातीत जवळजवळ तीन घरकुलांएवढी जागा आहे, आणि तिथे रोज दोन वेळा काजळी धरते.

तिथल्या राखणदार पेशी कण गिळतात, पण ओझे फार झाले की त्याही सुजेचे कारण होतात. वर्षानुवर्षांच्या सुजेने श्वासाच्या वाटा आकसतात, वायुकोशांच्या भिंती विरतात. डॉक्टर याला सीओपीडी म्हणतात. आम्ही ‘दमा’ म्हणतो, ‘धाप’ म्हणतो, किंवा ‘वय’ म्हणतो. खऱ्या दम्यात आवळलेली वाट औषधाने बरीचशी मोकळी होते. इथे गेलेले परत येत नाही. म्हणून लवकर ओळखणे हाच मोठा उपाय.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात मांडले की सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नसते. जगात तेव्हा तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी होते, तर लाकूड-शेणाच्या धुरात जगणारे सुमारे ३०० कोटी. तरी ‘बिडी ओढता का’ हा प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे आणि ‘चूल आहे का’ हा कोणालाच नाही.

यात लहान मुलांचा निमोनिया, कमी वजनाची बाळे आणि मोतीबिंदू मिळवा. घरात लाकूड जाळल्याचा धूर माणसात बहुधा कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण सांगते. घरातल्या या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३० लाख माणसे दगावतात, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

कायदा दारात थांबतो

हवेची मर्यादा ठरवणारी आपली राष्ट्रीय मानके मोकळ्या वातावरणातल्या हवेसाठी आहेत. कारखान्यातली धूळ आणि वाफ यांचा बंदोबस्त करण्याचे कलम १९४८ च्या कारखाना कायद्यात आले. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा झाला, त्यात कामाच्या जागी हवा खेळती ठेवण्याची अट होती. पण ‘औद्योगिक जागा’ या शब्दाची व्याख्या करतानाच राहते घर त्यातून वगळले गेले. विडीचा धंदा तर चालतो घराघरातूनच. अट लागू झाली कारखान्याला, आणि काम राहिले घरात.

कायद्याच्या लेखी हवा उंबरठ्यापर्यंत येते आणि संपते. आत जे कोंडते ते बाईचे नशीब. कायद्याला हा उंबरठा ओलांडायला लावणे हे या चळवळीचे एकमेव काम आहे.

आधीच्यांनी काय केले, आणि आम्ही काय शिकलो

हा विचार नवा नाही. आमच्याच विदर्भात, वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात धुराडे असलेली मगन चूल लोकांपुढे ठेवली. १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि देशभर तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या. पुढे धुराडी काजळीने तुंबली, फुटली. दुरुस्त करणारा गावात नव्हता. २००२ मध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला. चुली मोजल्या गेल्या, त्यांच्यापुढचा श्वास मोजला गेला नाही.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वच्छ इंधनावर रांधणारी घरे २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. हे मोठे काम आहे आणि आम्ही ते मानतो. पण घरात सिलिंडर असणे वेगळे आणि रोज त्यावर रांधणे वेगळे. १४.२ किलोची टाकी संपली की दुसरी भरायला एकरकमी पैसे लागतात, आणि रोवणी-कापणीच्या मजुरीचे पैसे एकरकमी येत नाहीत. मग गॅस पाहुण्यांच्या चहाला आणि चूल रोजच्या भाताला. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेने २०२४ पासून पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत दिले. पाच-सहा जणांच्या घरात तीन टाक्यांत वर्ष निघत नाही. उरलेले महिने मोळीवरच जातात, आणि नागझिरा अभयारण्याच्या कडेच्या गावांत त्या मोळीसाठी वाघाच्या वाटेवर जावे लागते.

या अर्ध्या-अर्ध्या व्यवस्थेबद्दल ग्वाटेमालाच्या डोंगराळ खेड्यांतला एक प्रयोग आम्हाला महत्त्वाचा वाटतो. घरातल्या धुराच्या अभ्यासाची सुरुवात ज्यांनी १९८० च्या दशकात गुजरातच्या खेड्यांत केली, त्या कर्क स्मिथ यांच्या चमूने तिथे काही घरांना धुराड्याच्या चुली दिल्या. बाळांच्या वाट्याचा धूर साधारण निम्मा झाला. २०११ मध्ये निकाल छापून आला: एकूण निमोनियात खात्रीने सांगता येईल अशी घट दिसली नाही, रक्तातला प्राणवायू घटवणाऱ्या गंभीर निमोनियात मात्र साधारण एक तृतीयांश घट झाली. म्हणजे निम्मा धूर काढून अर्धा आजार जातोच असे नाही. शेवटचा उरलेला धूरही फार नुकसान करतो. आणि पुढे भारत (तमिळनाडू) धरून चार देशांत गर्भवतींच्या घरी गॅस पुरवून झालेल्या मोठ्या चाचणीत धूर खूप उतरला, पण बाळांच्या वजनात अपेक्षित फरक दिसला नाही. हेही आम्ही लपवणार नाही. गॅस आला की सगळे रोग पळाले, असे सांगणारी चळवळ आम्हाला काढायची नाही. बाईने आयुष्यभर धुरात बसू नये, एवढ्यासाठी कोणत्याही चाचणीच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज नाही.

आमची तत्त्वे

एक. धुराचा दोष रांधणाऱ्या बाईला लावायचा नाही. ‘तुम्ही गॅस का वापरत नाही’ असे तिला विचारण्याआधी टाकी भरायचे पैसे कोणाच्या हातात असतात, हे घरच्या पुरुषाला विचारायचे.

दोन. चूल ही देवता आहे हे आम्ही जाणतो. तिची पूजा होवो; सणाला, लग्नाला, तेराव्याला मोकळ्या सांदवाडीत ती पेटो. हायवेवर ‘चुलीवरचे मटण’ अशी पाटी लावून शहरातल्या माणसाला धुराची चव विकली जाते. तो महिन्यातून एकदा खाऊन जातो. रोज त्या धुरात बसणारीला चवीचे कौतुक सांगू नये.

तीन. मोजल्याशिवाय बोलायचे नाही. आमच्या घरांतले आकडे आम्ही गोळा करू, गावापुढे ठेवू, चुकले तर दुरुस्त करू.

चार. यंत्र, फिल्टर, चूल किंवा गॅस विकणाऱ्या कोणाकडूनही पैसा घ्यायचा नाही.

आमच्या मागण्या

१. घरकुलाला मंजुरी देताना स्वयंपाकाच्या जागेला छपराजवळ झरोका आणि धुराड्याची जागा सक्तीची करावी. ज्यांची घरकुले झाली आहेत त्यांना स्लॅबमधून धुराडे काढण्यासाठी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तरतूद व्हावी.

२. शासकीय दवाखान्याच्या केसपेपरवर तंबाखूच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना छापावा: ‘घरात चूल? किती वर्षे?’ यात खर्च शाईचाच आहे.

३. तालुक्याच्या रुग्णालयात श्वास मोजणारा स्पायरोमीटर आणि तो चालवणारा माणूस असावा, आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक रांधणाऱ्या बाईची तपासणी व्हावी. जिने आयुष्यभर फुंकणीत फुंकले, तिला एकदा तरी या यंत्रात फुंकायला मिळावे.

४. अंगणवाडी आणि शाळेचा पोषण आहार चुलीवर शिजू नये. वर्गाला लागून चूल धुमसत असेल तर आहारातून मिळवलेले आपण धुरातून घालवतो.

५. पाच किलोची लहान टाकी गावातल्या दुकानात, परवडेल अशा दरात, बाराही महिने मिळावी. मजुरी जशी येते तसा गॅस घेता यावा.

६. राज्यभर जाणारी वीज आमच्या तालुक्यात तयार होते. इथल्या गरीब घरांना विजेच्या शेगडीवर रांधता येईल असा स्वयंपाकाचा सवलतीचा दर सरकारने द्यावा, आणि रांधण्याच्या वेळेला भारनियमन नसावे.

७. विडी वळण्यासाठी गावात उजेडाची, हवेशीर शेड असावी, आणि तिचा खर्च विडीचे काम वाटणाऱ्या सट्टेदारामागच्या कारखानदाराकडून वसूल व्हावा. राइस मिलमध्ये धूळ ओढणारा पंखा चालू आहे की कागदावर, याची तपासणी कामगारांसमक्ष व्हावी.

८. घरातल्या हवेसाठीही राष्ट्रीय मानक ठरावे. जोवर ते ठरत नाही तोवर बाहेरच्या हवेचे ६० आणि ४० हेच आकडे आम्ही घरात लावून पाहू.

आम्ही स्वतः काय करू

सरकारकडे बोट दाखवून आम्ही हात बांधून बसणार नाही. या कागदावर सही करणारा प्रत्येकजण पुढचे कबूल करतो.

माझ्या घरची चूल शक्य असेल त्या दिवशी घराबाहेर, पडवीत किंवा सांदवाडीत मांडीन. सरपण पावसाआधी फोडून वाळवीन. दूध, चहा आणि सकाळची घाई आधी गॅसवर आणीन, मग भात, मग सगळे. चूल पेटलेली असताना लहान लेकराला पाठीशी किंवा मांडीवर घेऊन बसायची वेळ घरच्या बाईवर येऊ देणार नाही. तेवढा वेळ मूल मी धरीन. रात्री कॉइलऐवजी मच्छरदाणी लावीन. घरात बिडी ओढणार नाही. बाळंतिणीला ऊब देईन ती शेकून आणलेल्या कापडाने, गरम पाण्याने. निखारा खाटेखाली ठेवणार नाही. आणि महिन्याच्या खर्चात टाकीचे पैसे आधी बाजूला काढीन, मोबाइलच्या रिचार्जच्याही आधी.

मोजणी आणि बारसे

मोजण्याची यंत्रे येतील तेव्हा येतील. तोवर आमचे पहिले यंत्र चुन्याचे असेल. दिवाळीला घर सारवता-रंगवताना सही करणाऱ्या प्रत्येक घरात चुलीच्या मागच्या भिंतीवर हातभर लांब, हातभर रुंद चौकोन पांढऱ्या चुन्याने रंगवायचा आणि कोपऱ्यात तारीख घालायची. होळीला तो पाहायचा, अक्षय तृतीयेला पाहायचा, पोळ्याला पाहायचा. चुन्यावर दिसते ती काजळी जाड. बारीक कण त्याला दाखवता येत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण भिंत काळी झालेली पाहिली की छातीत काय चालले असेल याचा अंदाज निरक्षर माणसालाही येतो, आणि शेजारच्या दोन घरांचे चौकोन वेगळे निघाले की त्यांची चर्चा आपोआप सुरू होते.

या चौकोनांची नोंदवही घेऊन आम्ही दर १ मे च्या ग्रामसभेत जाऊ. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा होऊन आमचा गोंदिया जिल्हा झाला तो त्याच दिवशी, आणि उज्ज्वला सुरू झाली तीही त्याच दिवशी. कोणाच्या घरी काय फरक पडला, कोणती मागणी मान्य झाली, कोणती कोणत्या टेबलावर पडून आहे, हे त्या दिवशी गावासमोर वाचले जाईल.

या चळवळीला आम्ही अजून नाव ठेवलेले नाही. नाव, फलक, अध्यक्ष यांची घाई आम्हाला नाही. जन्माआधी बारसे करू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. एका दिवाळीला मारलेला चुना ज्या गावातल्या सगळ्या घरांत पुढच्या दिवाळीला पांढराच निघेल, त्या गावातली सगळ्यात म्हातारी रांधणारी बाई या चळवळीचे नाव ठेवील. तिने दम न लागता ते मोठ्याने उच्चारावे, एवढीच अट आहे.

तोवर सही करा. सही येत नसेल तर अंगठा द्या. शाई नसेल तर चुलीमागच्या भिंतीची काजळी बोटाला लावा आणि इथे खाली उमटवा.